बिल हरवलं म्हणून वॉरंटी सोडू नका, पण या चुका टाळा

ऐन उन्हाळ्यात फ्रिज थंड करायचा थांबतो. कंपनीला फोन लावला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "बिल आहे का?" कपाट, माळा, गाद्यांच्या खाली, सगळं उलथंपालथं होतं. बिल काही सापडत नाही. मग घरातलं कोणीतरी म्हणतं, "जाऊ दे, कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलव." वॉरंटी जाते ती या क्षणी. तोवर ती शाबूत असते.

कंपनीला बिलातून दोनच गोष्टी हव्या असतात. वस्तू कोणत्या तारखेला विकली गेली, आणि ती कंपनीच्या विक्रेत्याकडूनच विकली गेली का. या दोन्हींची नोंद तुमच्या घराबाहेरही असते. दुकानदाराच्या संगणकात असते, कंपनीच्या इन्स्टॉलेशनच्या नोंदीत असते, हप्त्यावर घेतलं असेल तर फायनान्स कंपनीच्या कागदांत असते, ऑनलाइन घेतलं असेल तर तुमच्याच खात्यातल्या जुन्या ऑर्डरमध्ये असते. शांत डोक्यानं काढली तर बहुतेक वेळा निघते. घाई केली की मात्र हातची जाते.

बिल लॅमिनेट करणं

ही चूक आळशी माणूस करत नाही, व्यवस्थित माणूस करतो, म्हणून तिचं जास्त वाईट वाटतं. दुकानातून मिळणारं गुळगुळीत, पातळ बिल म्हणजे थर्मल कागद. त्यात शाई नसतेच. कागदावरच्या रासायनिक थराला उष्णता लागली की तो काळा पडतो आणि अक्षरं उमटतात. लॅमिनेशनचं यंत्र शंभर अंशांच्या वर तापतं. त्यातून हा कागद काढला की दुसऱ्या बाजूनं काळी पट्टी बाहेर येते. दहा वर्षं टिकावं म्हणून केलेलं बिल दहा सेकंदांत संपतं.

लॅमिनेट न करताही ते उडतं. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलं, वर सेलोटेप लावला, गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलं, तर काही महिन्यांत अक्षरं फिकट होतात. उपाय एकच आहे. बिल हातात पडल्या पडल्या, दुकानाच्या काउंटरवरच, सपाट ठेवून फोटो काढा आणि स्वतःला ईमेल करा. साध्या कागदावर झेरॉक्स काढली तरी चालते, ती टिकते.

आधीच फिकट पडलं असेल तर फोटो काढून तो मोबाइलवर काळा-पांढरा करा आणि कॉन्ट्रास्ट वाढवा. सगळं बिल वाचता आलं पाहिजे असं नाही. बिल नंबर आणि तारीख एवढं मिळालं तरी दुकानदार दोन मिनिटांत मूळ नोंद काढतो. हेअर ड्रायर फिरवून अक्षरं परत आणायचे व्हिडिओ पाहून प्रयोग करू नका. जरा जास्त तापलं की उरलंसुरलं बिलही काळं होतं.

सिरीयल नंबर न घेता धावपळ

बिलापेक्षा मोलाची चीज, म्हणजे सिरीयल नंबरची प्लेट, मशीनवरच चिकटवलेली असते आणि लोक ती पाहातसुद्धा नाहीत. फ्रिजमध्ये ती बहुधा आतल्या बाजूच्या भिंतीवर, भाजीच्या ट्रेच्या आसपास, नाहीतर मागच्या बाजूला असते. फ्रंट लोड वॉशिंग मशीनचं दार उघडलं की कडेला दिसते, टॉप लोडला मागे. टीव्हीला मागे असते, शिवाय अनेक स्मार्ट टीव्हींत सेटिंगमध्येही नंबर दिसतो.

एसीचं वेगळं आहे. त्याला दोन नंबर असतात, एक आतल्या युनिटवर आणि एक बाहेरच्या युनिटवर. कॉम्प्रेसर बाहेरच्या युनिटमध्ये, म्हणजे दीर्घ वॉरंटीसाठी लागतो तो नंबर नेमका उन्हापावसात. कोकणात आणि मुंबईत चार-पाच पावसाळ्यांत ते स्टिकर वाचण्याजोगं राहत नाही. एसी बसवायला आलेला माणूस बाहेरचं युनिट भिंतीवर चढवण्याआधी त्याच्यासमोरच फोटो काढून घ्या. नंतर तिसऱ्या मजल्याच्या गजावरून वाकून काढायची वेळ आणू नका.

तयार झाल्याचा महिना आणि वर्षही अनेकदा त्याच प्लेटवर असतं. याचा उपयोग फार थोड्यांना माहीत आहे. बिल नसेल तर काही कंपन्या निर्मितीच्या महिन्यापासून वॉरंटी मोजून काम करून देतात. माल दुकानात सहा महिने पडून होता तर तेवढे महिने बुडतात, हे खरं. पण कॉम्प्रेसरची वॉरंटी दहा वर्षांची आणि फ्रिज चौथ्या वर्षात असेल, तर त्या सहा महिन्यांनी काहीही बिघडत नाही. फोनवर थेट विचारा, "निर्मितीच्या तारखेवरून वॉरंटी धरता का?" विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. एक लक्षात ठेवा, कॉम्प्रेसरची वॉरंटी म्हणजे बहुधा फक्त कॉम्प्रेसर. गॅस, मजुरी आणि येण्याजाण्याचा खर्च लागू शकतो.

दुकानात रिकाम्या हाती जाणं

"दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडून फ्रिज नेला होता, बिल द्या," असं म्हणून उभं राहिलं की दुकानदार हात झटकतो, आणि त्यात त्याची सगळीच चूक नसते. मोठ्या साखळी दुकानांत मोबाइल नंबरवर बिल निघतं. गावातल्या किंवा पेठेतल्या दुकानात टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर काम चालतं, आणि रोखीची विक्री बऱ्याचदा 'कॅश' याच नावाखाली टाकलेली असते. तुमचं नाव शोधून तिथं काही सापडत नाही. तारीख आणि रक्कम सांगितली तर सापडतं.

म्हणून आधी तारीख पक्की करा. आपल्याकडे मोठी खरेदी मुहूर्तावर होते, याचा फायदा घ्या. "दसऱ्याला घेतला" एवढं आठवलं तरी पुरे. दसरा २०२२ साली ५ ऑक्टोबरला होता, २०२३ साली २४ ऑक्टोबरला, २०२४ साली १२ ऑक्टोबरला. मात्र मुहूर्तावर पैसे भरले आणि डिलिव्हरी चार दिवसांनी झाली असेल, तर बिल डिलिव्हरीच्या दिवसाचं असू शकतं. पुढचा-मागचा आठवडाही पाहायला सांगा. यूपीआयनं किंवा कार्डानं पैसे दिले असतील तर बँकेचं त्या महिन्याचं स्टेटमेंट काढा, तारीख आणि नेमकी रक्कम त्यात आहे. नुसतं स्टेटमेंट कंपनीला पुरत नाही, कारण त्यात वस्तूचं नाव नसतं, पण बिल शोधायला त्याच्याइतकी चांगली किल्ली नाही. हप्त्यांवर घेतलं असेल तर फायनान्स कंपनीकडून कर्जाचे कागद मागवा. त्यांत दुकानाचं नाव असतं आणि बहुधा वस्तूचं मॉडेलही.

मग एका कागदावर खरेदीची तारीख, मॉडेल, सिरीयल नंबर, रक्कम, पैसे कसे दिले आणि मोबाइल नंबर लिहून न्या. दुपारी गर्दी नसताना जा, दिवाळीच्या आठवड्यात जाऊ नका. बिलाच्या प्रतीवर 'डुप्लिकेट' असा शेरा, दुकानाचा शिक्का आणि सही घ्या. "जुना डेटा नाही" असं उत्तर आलं तर नम्रपणे सांगा की जीएसटी कायद्यानुसार व्यापाऱ्याला हिशोब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावे लागतात. हे वाक्य भांडणाच्या सुरात बोललं तर दार बंद होतं. शांतपणे बोललं तर डेटा सापडतो.

दुकान बंद झालं असेल तर कंपनीला सिरीयल नंबर द्या आणि इन्स्टॉलेशन कोणत्या तारखेला झालं ते विचारा. डेमो द्यायला किंवा एसी बसवायला कंपनीचा माणूस आला होता, तेव्हा त्यानं तोच नंबर आणि तुमचा मोबाइल नोंदवलेला असतो. मोबाइल नंबर बदलला असेल तर जुना सांगा.

कच्चं बिल घेणं. "पक्कं नको, जीएसटी वाचेल" म्हणून चिठ्ठीवर फ्रिज घेतला असेल, तर दुकानदाराच्या वहीत ती विक्री नाहीच, मग डुप्लिकेट कुठून येणार? बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. वाचलेले पैसे कॉम्प्रेसरच्या एका बिलात परत जातात.

दुसऱ्याकडून बिल "बनवून" घेणं

सगळ्यात संताप आणणारी चूक ही, कारण हिच्यामुळे हक्काची वॉरंटी असलेला माणूस ती गमावतो. प्रसंग ठरलेला असतो. वॉशिंग मशीन २०२३ च्या दसऱ्याला घेतलेलं आहे, वॉरंटी दोन वर्षांची, बिघाड २०२५ च्या सप्टेंबरात. म्हणजे मुदत अजून महिनाभर शिल्लक आहे. मूळ दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला. जाणं जिवावर येतं. ओळखीचा दुकानदार म्हणतो, "अहो, तारीख सांगा, मी देतो बनवून." पाचशे रुपयांत बिल तयार, तारीख बरोबर, किंमत बरोबर, सिरीयल नंबरही बरोबर.

कंपनीचा माणूस तो सिरीयल नंबर टाकतो. ते मशीन कंपनीनं कोणत्या विक्रेत्याला पाठवलं होतं, हे समोर येतं, आणि बिलावरचं नाव तिसऱ्याचंच असतं. इथं काम थांबतं. मग हाच ग्राहक धावत मूळ दुकानातून खरं डुप्लिकेट बिल आणतो, तर आता त्या बिलावरही संशय घेतला जातो. एकाच मशीनची दोन दुकानांची दोन बिलं नोंदीवर आलेली असतात. या तपासात आठवडे जातात, मुदत संपते, आणि ज्याची बाजू शंभर टक्के खरी होती तो खोटा ठरतो. वर खोटा कागद पुरावा म्हणून दिला हा गुन्हा, तो वेगळाच. ग्राहक आयोगात गेलात तर समोरचा वकील पहिल्यांदा तेच बिल पुढे करतो. बिल नाही हे मोकळेपणानं सांगा. त्यानं काम लांबतं, बुडत नाही.

थोडक्यात आटपतील अशाही काही चुका:

मेकॅनिककडून आधी "नुसतं बघून" घेऊ नका. मागचं झाकण उघडलं, सील तुटलं, की कंपनीला नकार द्यायला आयतं कारण मिळतं.

कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधून लावू नका, मशीनवरच्या स्टिकरवरचा किंवा पुस्तिकेतला घ्या. शोधात वर येणारे कित्येक नंबर भामट्यांचे असतात. कोणी ॲप उतरवायला किंवा दहा रुपये भरायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

घरचा फ्रिज स्वतःच्या दुकानाच्या जीएसटी नंबरवर घेऊ नका. घरगुती वॉरंटीत व्यावसायिक वापर बसत नाही, आणि बिलावर फर्मचं नाव दिसलं की तोच मुद्दा निघतो.

वॉरंटी कार्ड कोरं ठेवू नका. दुकानाचा शिक्का आणि तारीख असलेलं कार्ड कित्येकदा बिलाच्या जागी चालून जातं.

काम होण्याआधी कोड देणं

तक्रार नोंदवली की मोबाइलवर एक कोड येतो. काम पूर्ण झाल्यावर तो तंत्रज्ञाला द्यायचा असतो. बिल नाही म्हणून काम न करताच परत निघालेला तंत्रज्ञ म्हणतो, "कोड सांगा, पुढची व्हिजिट लावतो." कोड दिला की कंपनीच्या नोंदीत तक्रार निवारण झालेली दिसते. मशीन सुरू होऊन नीट चालेपर्यंत कोड देऊ नका. तंत्रज्ञ कामाची नोंद लिहितो त्या जॉबशीटवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय सही करू नका. 'ग्राहकाच्या चुकीनं बिघाड' असं लिहिलेलं असेल तर तिथंच 'मान्य नाही' असं लिहून मग सही करा, आणि कागदाचा फोटो घ्या.

तोंडी नकार ऐकून गप्प बसणं

"बिलाशिवाय होत नाही" हे फोनवर ऐकून सोडू नका. कंपनीला ईमेल करा. त्यात तक्रार क्रमांक, सिरीयल नंबर, प्लेटचा फोटो, बँकेची नोंद, इन्स्टॉलेशनची तारीख हे सगळं एकत्र द्या आणि नकाराचं कारण लेखी मागा. अनेक दावे या एका ईमेलवरच मार्गी लागतात, कारण फोनवरच्या माणसाला निर्णय घ्यायचा अधिकारच नसतो.

तिथंही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. मराठीतही बोलता येतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइनही करता येते. मुदत दोन वर्षांची आहे, आणि ती तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजतात. म्हणून नकाराचा तो ईमेल आणि त्यावरची तारीख जपून ठेवा.