जिभेची हालचाल घरी कशी मोजायची

परळला माझ्याकडे लकव्याचे पेशंट येतात. घरचे सांगतात, "जीभ आता बरी हलते हो मॅडम." बरी म्हणजे किती? मला आकडा लागतो.

पेशंटला ताठ बसवा, खिडकी लावून घ्या (नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये रस्त्यावरचे हॉर्नच ऐकू येतात). मोबाइल चालू करून ५ सेकंद भराभर 'त-त-त' म्हणायला लावा. दम खाऊ द्या, मग 'क-क-क'. रेकॉर्डिंग हळू वेगात ऐका, प्रत्येक 'त'ला कागदावर एक ठिपका द्या आणि ठिपक्यांना ५ने भागा. धडधाकट माणसाचे सेकंदाला साधारण ६ होतात. 'त'ला जिभेचं टोक लागतं, 'क'ला मागचा भाग. घास घशाकडे ढकलताना हाच मागचा भाग लागतो, म्हणून 'क' अडखळला की मी गिळणं आधी तपासते.

जीभ बाहेर काढायला सांगून समोरून फोटोही घ्या. ती लुळ्या बाजूला वळते.

जोर घरी मोजता येत नाही. त्यासाठी दवाखान्यात जीभ आणि टाळूमध्ये हवेचा छोटा फुगा दाबायला देतात, दाब किलोपास्कलमध्ये दिसतो.

पाणी पिताना ठसका लागत असेल तर मोजमाप राहू दे, आधी पेशंटला दाखवायला आणा.