हार्ड डिस्कचा कनेक्टर ओळखू येत नाही? आधी रुंदी मोजा, मग पिना

जुन्या लॅपटॉपमधून किंवा सर्व्हरमधून काढलेली हार्ड डिस्क घरातल्या कुठल्याच केबलला बसत नसेल, तर बाजारात धावण्याआधी एक गोष्ट तपासा. समोर दिसतोय तो कनेक्टर खरंच डिस्कचा आहे का? लॅपटॉप कंपन्या पुष्कळदा डिस्कच्या पिनांवर स्वतःचा छोटा जोडतुकडा बसवतात, आणि आपण त्यालाच डिस्कचा भाग समजतो. टॉर्च मारून कडेने बघा, तुकडा आणि डिस्क यांच्यात बारीक फट दिसते. तो डावीकडून थोडा, उजवीकडून थोडा असा सरळ बाहेर सरकवा. एकाच बाजूने उचकटला तर आतल्या पिना वाकतात. तुकडा निघाला की आत बहुधा नेहमीची आयडीई (जुनी, उभ्या पिनांची) किंवा साटा (नवी, चपट्या पट्ट्यांची) जोडणी सापडते आणि शोध तिथेच संपतो.

नाही संपला, तर मोजपट्टी घ्या. साधारण १० सेंमी रुंद डिस्क ३.५ इंची, ७ सेंमीची २.५ इंची आणि ५.४ सेंमीची १.८ इंची. मग लेबलवरचे व्होल्ट वाचा. लॅपटॉपच्या डिस्कवर फक्त ५ व्होल्ट असतात, डेस्कटॉपच्या डिस्कवर ५ आणि १२ दोन्ही. डिस्क ७ सेंमी रुंद असूनही १२ व्होल्ट लिहिले असतील तर ती बहुधा सर्व्हरची सॅस (साटासारखी दिसणारी, पण वेगळी) डिस्क आहे.

आता जोडणीकडे बघा. उभ्या पिनांच्या दोन ओळी असतील तर पिना मोजा. दोन ओळींत ४० जागा आणि मधली एक पिन गायब (ती २० क्रमांकाची, मुद्दाम ठेवलेली नसते) ही डेस्कटॉपची आयडीई. तिच्याशेजारी चार जाड पिनांचा मोलेक्स, म्हणजे वीज देणारा कनेक्टर असतो. त्याच्या केबलमध्ये पिवळी तार १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, मधल्या दोन काळ्या ग्राउंड. या दोन्हींच्या मधल्या छोट्या पिना जंपरच्या (जंपर म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी). यूएसबी अडॅप्टरला लावताना जंपर मास्टरवर (एका केबलवरच्या दोन डिस्कांपैकी पहिली, या खुणेवर) ठेवा, नाहीतर डिस्क फिरते पण संगणकाला दिसत नाही.

सगळ्यात जास्त डिस्का बिघडतात त्या ४४ पिनांच्या लॅपटॉप आयडीईत, म्हणून इथे घाई नको. पिनांमधलं अंतर २ मिमी असतं, डेस्कटॉपच्या आयडीईत २.५४ मिमी. त्यामुळे डेस्कटॉपची चपटी केबल हिच्यावर बसणारच नाही, जोर लावू नका. वीजही याच ओळीतून, ४१ ते ४४ क्रमांकाच्या पिनांतून येते, वेगळी पॉवर केबल नसते. पुढे एका जोडीएवढी रिकामी जागा सोडून आणखी चार पिना दिसतात, त्या जंपरच्या. अडॅप्टर चुकून एक घर सरकून बसला किंवा उलटा लागला, तर ५ व्होल्ट भलत्याच पिनेत जातात आणि डिस्कचा बोर्ड जळू शकतो. अडॅप्टरवरचं बुजवलेलं भोक डिस्कच्या गायब पिनेसमोर आणा. काही स्वस्त अडॅप्टरमध्ये ते भोक बुजवलेलंच नसतं. तिथे १ क्रमांकाच्या पिनेची खूण दोन्हीकडे शोधा आणि वीज देण्याआधी पुन्हा एकदा बाजूने बघा.

पिना नसून चपट्या सोनेरी पट्ट्या आणि इंग्रजी एलसारखी खाच असेल तर ती साटा: ७ पट्ट्यांचा डेटा, १५ पट्ट्यांची पॉवर. काही डिस्कांवर शेजारी चार किंवा आठ बारीक पिना असतात. त्या वीज देण्यासाठी नाहीत, तिथे काही जोडू नका.

साटासारखी दिसते, पण डेटा आणि पॉवरच्या मधली फट प्लॅस्टिकने भरलेली आहे? डिस्क उलटी करून त्या भरलेल्या भागाच्या मागे बघा. तिथे आणखी ७ पट्ट्या असतील तर ती सॅस. इथे लोक हमखास फसतात. सॅसला साटा केबल बसवून देणारा स्वस्त तुकडा मिळतो आणि नीट बसतोही, पण साटा पोर्टला सॅसची भाषा कळत नाही, त्यामुळे डिस्क दिसत नाही. तिला संगणकात बसवायचं सॅस कंट्रोलर कार्डच लागतं. याउलट साटा डिस्क मात्र सॅस कंट्रोलरवर चालते.

१.८ इंची डिस्कला कागदासारखी पातळ पट्टी जात असेल तर ती झिफ. नंतरच्या आयपॉडमध्ये हीच होती. पट्टी ओढू नका. सॉकेटवरची छोटी खिट्टी नखाने उचला, मग पातळ पट्टी आपोआप सैल होते. मायक्रो साटा हा दुसरा प्रकार. तिथे डेटाची बाजू साटाचीच, पण पॉवरची लहान, म्हणून नेहमीची केबल लागत नाही.

५०, ६८ किंवा ८० पिनांच्या ३.५ इंची डिस्का जुन्या स्कझी, म्हणजे मुख्यतः जुन्या सर्व्हरमधल्या जोडणीच्या. ८० पिनांचीत वीजही त्याच जोडणीतून येते.

पोर्टेबल डिस्कचं कव्हर उघडल्यावर आत साटा सापडलीच नाही, तर तुमच्या शोधण्यात चूक नाही. अशा काही डिस्कांत यूएसबी पोर्ट थेट बोर्डवर असतो. पोर्ट तुटला असेल तर कुशल कारागिराकडून नवा टाकून घ्या. दुसऱ्या डिस्कचा बोर्ड आणून लावू नका, कारण त्या डिस्कपुरती माहिती मूळ बोर्डवरच्या चिपमध्ये असते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात अडॅप्टर घ्यायला जाताना लेबलचा, जोडणीचा समोरून आणि बाजूने, असे तीन फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढा. दुकानात तोंडी "लॅपटॉपची डिस्क" सांगितलंत तर हातात साटाचा अडॅप्टर पडेल. जोडल्यावर डिस्क टकटक करू लागली तर लगेच वीज बंद करा, पुन्हा पुन्हा चालवून बघू नका.