संग्रह पेन ड्राइव्हवर न्यायचाय? बंडल बांधा

मुक्त सॉफ्टवेअरचा सोर्स कोड आणि टिपणं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या पेन ड्राइव्हवर टाकायची, तर फोल्डर तसाच ओढू नका. हजारो बारीक फायली तासभर सरकत नाहीत. शिवाय एक्सफॅटवर (पेन ड्राइव्हचा नेहमीचा फॉरमॅट) फाइल चालवण्याची परवानगी नि सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी फाइल) टिकत नाहीत, मग स्क्रिप्ट ‘परमिशन डिनाइड’ म्हणत अडून बसू शकते.

संग्रह गिटमध्ये (फायलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर) असेल तर तो सगळा एका फाइलीत, म्हणजे ‘बंडल’मध्ये, बांधा:

१. सगळं कमिट करा, म्हणजे बदल गिटच्या इतिहासात नोंदवा. न केलेलं बंडलमध्ये येत नाही.
२. फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून ही आज्ञा (इंग्रजी अक्षरांत) द्या: ‘गिट बंडल क्रिएट’, पुढे फाइलचं नाव आणि दोन आडव्या रेघा लावून ‘ऑल’. सगळ्या ब्रँच (कामाच्या समांतर शाखा), टॅग (आवृत्त्यांच्या खुणा), इतिहास एकाच फाइलीत.
३. ड्राइव्ह इजेक्ट करा, पुन्हा लावा (नाहीतर वाचन मेमरीतूनच होतं) आणि त्या फाइलीवरून ‘गिट क्लोन’ करून (संग्रहाची नवी प्रत काढून) बघा. नुसत्या ‘बंडल व्हेरिफाय’वर विसंबू नका, तो आतला डेटा नीट तपासत नाही.

ड्राइव्ह फॅट३२ (जुना फॉरमॅट) असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल बसणार नाही.

सांभाळा: सबमॉड्यूल (संग्रहात जोडलेले दुसरे गिट संग्रह) बंडलमध्ये येत नाहीत. प्रत्येकाचं वेगळं बांधावं लागतं.