जुन्या गाडीच्या व्हॅक्यूम नळ्या: काय बदलावं, कशाला हात लावू नये

इंदूरच्या राजेंद्रनगरात आमच्या दारात काकांची कार्ब्युरेटरवाली मारुती 800 उभी असते. मध्यंतरी ती सिग्नलला थांबली की बंद पडायची. एका मेकॅनिकनं बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "भैया, ये सब पोल्यूशन का झंझट है, निकाल दो." त्यानं दोन नळ्या उपटल्या, तोंडात स्क्रू ठोकले आणि पैसे घेतले. आठवडाभरात व्हॉल्व्ह कव्हरमधून ऑइल झिरपायला लागलं, आणि गाडी बंद पडायची ती पडतच राहिली. दोष निघाला बोटभर लांबीच्या एका नळीत. ती खालच्या बाजूनं चिरली होती, वरून पाहिलं तर अगदी धडधाकट.

तेव्हा आधी हे ठरवा की काढायचं काहीच नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि पीयूसी दर वेळी काढावंच लागतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी, जुन्या गाडीचा त्रास बहुतेक वेळा त्या प्रदूषण रोखणाऱ्या उपकरणांचा नसतो, वाळून कडक झालेल्या रबराचा असतो.

पिस्टन खाली जाताना हवा ओढतो आणि थ्रॉटलची पाकळी ती अडवते. म्हणून पाकळीखाली, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळकांड्यात), ओढ तयार होते. हाच व्हॅक्यूम, आणि या नळ्या तोच निरनिराळ्या उपकरणांपर्यंत नेतात. चिरलेल्या नळीतून जादा हवा आत शिरली की पेट्रोलचं प्रमाण घटतं. मग आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनचं संथ फिरणं, कधी चढतं, कधी डुलतं, आणि ॲक्सिलरेटर दाबताच गाडी घुटमळते.

इंजिन थंड असताना चार बाजूंनी फोटो काढा. शिवाय कागदावर चित्र काढा, कारण फोटोत नळ्या एकमेकींमागे लपतात. प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना कागदी टेप लावून एकच आकडा लिहा. सगळ्या नळ्या एकदम उपटू नका. एक काढा, तिच्या मापाची नवी कापा, बसवा, मग पुढची. माझ्या मते या कामातली ही एकच शिस्त कसोशीनं पाळण्यासारखी आहे.

जुना तुकडा खिशात घालून सियागंजच्या बाजारात जा आणि आतला व्यास जुळवून घ्या. फिशटँकची पारदर्शक नळी स्वस्त मिळते, पण इंजिनच्या उष्णतेनं ती मऊ होऊन चिमटते. पेट्रोलची वाफ किंवा ऑइल जाणाऱ्या जागी त्याला टिकणारंच रबर हवं. ब्रेक बूस्टर (व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक हलका करणारा डबा) असेल तर त्याची नळी जाड, आतून धाग्यांची असते आणि तिच्यात हवा एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह असतो. तिथे काटकसर नको. बसवून झाल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे.

गळती शोधायला हातभर नळीचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं सांध्यांवरून फिरवा, सूंऽऽ आवाज येतो. किंवा संशयित जागी पाण्याचा बारीक फवारा मारा, क्षणभर आयडलिंग बदललं तर चोर सापडला. डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना ठिणगीची वीज वाटून देणारा भाग) आणि वायरी मात्र भिजवू नका. काही जण पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर मारतात. गरम इंजिनावर तो आगीशी खेळ आहे.

डिस्ट्रिब्यूटरच्या नळीत चूक सर्रास होते. बऱ्याच गाड्यांत ती पाकळीच्या वरच्या छिद्राला असते. आयडलिंगला तिथे ओढ नसते, थ्रॉटल उघडल्यावर येते. बोट लावून पाहा. तिच्याऐवजी मॅनिफोल्डची नळी जोडली तर आयडलिंगलाच टायमिंग (ठिणगीची वेळ) पुढे सरकतं. नळीचं मोकळं टोक तोंडानं ओढून जिभेनं बंद करा. ओढ टिकली नाही तर आतला पडदा फाटलाय.

क्रँककेसची (इंजिनच्या तळाच्या पोकळीची) वाफ परत इंजिनात नेणारी नळी बंद केली की आतला दाब सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. आमच्या गाडीचं तेच झालं होतं. त्या नळीत सुटा व्हॉल्व्ह असेल तर काढून हलवा, खुळखुळला पाहिजे. कोळशाचा डबा असेल तर तो टाकीची वाफ धरून ठेवतो. तोडला की गॅरेजभर पेट्रोलचा वास. ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, असेल तर तो आयडलिंगला बंद असायला हवा. कार्बन बसून उघडा राहिला की इंजिन थरथरतं, म्हणून साफ करा, फेकू नका. एखाद्या छिद्राला मुळातच काही जोडलेलं नसेल तर तिथे रबरी टोपी घाला, स्क्रू नाही.

आता व्हॅक्यूम गेज, म्हणजे ओढ मोजणारं काट्याचं मीटर. निरोगी इंजिन आयडलिंगला पाऱ्याचे 17 ते 21 इंच दाखवतं असं पुस्तकं सांगतात, पण तो आकडा समुद्रसपाटीचा. इंदूर सुमारे 550 मीटर उंचीवर आहे आणि दर हजार फुटांमागे साधारण एक इंच कमी होतो. समुद्रसपाटीजवळच्या बडोद्याच्या गाडीत 19 दिसतील तिथे आपल्याकडे 17 दिसले तरी गाडी ठणठणीत आहे. आकड्यापेक्षा काटा स्थिर आहे का ते पाहा. ठरावीक लयीत झटके मारत असेल तर नळ्या सोडा, इंजिनच्या व्हॉल्व्हकडे बघा.

आयडलिंगचा स्क्रू सगळ्यात शेवटी, इंजिन पूर्ण तापल्यावरच फिरवा. मग खंडवा रोडनं भेरूघाट चढवून आणा. परत आल्यावर प्रत्येक सांधा हातानं चाचपा, आणि ते चित्र डॅशबोर्डच्या खणात ठेवा. पुढचा मेकॅनिक पाना उचलण्याआधी त्याला ते दाखवता येईल.