एचआयडी टॉर्चचा झोत हिरवट-निळा पडतोय? बल्ब बदलायच्या आधी हे बघा

जुन्नर तालुक्यात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. इथं शेतीची थ्री-फेज लाइट बऱ्याचदा रात्रीची असते. दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, माणूस अंधारातच जातो, आणि उसात बिबट्या असतो. म्हणून ३५ वॅटची एचआयडी टॉर्च (हिच्या बल्बमध्ये तार नसते, वायूतून वीज जाऊन उजेड पडतो) कोणी पुढ्यात ठेवली, की मी ती घाईनं उघडत नाही. आधी पांढऱ्या भिंतीवर झोत टाकून अर्धा मिनिट नुसता थांबतो.

पेटल्या पेटल्या झोत निळाच असणार. तो झेनॉन वायूचा उजेड. मग आतला पारा आणि सोडियम-स्कँडियमचे क्षार तापून त्यांची वाफ होते आणि रंग पांढऱ्यावर येतो. नवा बल्ब पहिले काही तास थोडा इकडेतिकडे करतो, त्याचं मनावर घेऊ नका.

अर्ध्या मिनिटानंतरही हिरवट-निळी झाक राहिली, तर मी आधी बॅटरीवर संशय घेतो. मागच्या पावसाळ्यात एक काका आले. "बल्ब गेलाय, दुसरा टाक," म्हणाले. तीन सेलचा पॅक होता. टॉर्च बंद असताना मीटरवर ११.४ व्होल्ट, म्हणजे वाईट नाही. चालू करून सेलच्या बाजूला मीटर लावला, तर काटा ९.२ वर. एक सेल बसला होता. बॅलास्टला, म्हणजे बॅटरीच्या विजेवर बल्ब पेटवून चालवणाऱ्या सर्किटला, पुरेसा दाब मिळत नव्हता, म्हणून बल्बला पुरते वॅट मिळत नव्हते. बल्ब पुरेसा तापत नव्हता, क्षारांची वाफ होत नव्हती आणि उजेड पाऱ्याचाच पडत होता. एकसारखे तीन नवे सेल टाकले, झोत पांढरा. बल्ब तोच. त्यामुळे मीटर नेहमी टॉर्च चालू असतानाच लावा. फक्त बॅलास्टच्या पुढं, बल्बकडच्या तारांना मुळीच लावू नका. पेटताना तिथं वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो, त्यात मीटरही जाईल आणि माणूसही.

झोतात एकाच बाजूला पिवळा डाग दिसत असेल, तर टॉर्च दोन मिनिटं आडवी धरून तापू द्या. मग हातातल्या हातात अर्धी फिरवा आणि डागाकडे बघत राहा. डाग टॉर्चबरोबर फिरला आणि हळूहळू पुन्हा जुन्या जागी आला, तर तो वितळलेल्या क्षारांचा थेंब आहे. बल्बच्या आतल्या नळीत जिथं थंड, तिथं तो साचतो. तो दोष नाही. डाग फिरून तिथंच राहिला, तर काचेवर किंवा रिफ्लेक्टरवर काहीतरी चिकटलंय, नाहीतर बल्ब खाचेत तिरका बसलाय. काच मऊ फडक्यानं पुसा. रिफ्लेक्टर मात्र घासू नका, त्याची चकाकी कायमची जाते. नुसती हवा मारा.

बल्ब काढायचा तर बॅटरी बाहेर काढून, तो पूर्ण गार झाल्यावर, चष्मा लावून. काचेला बोट लागलं तर स्पिरिटनं पुसा.

गुलाबी-जांभळी झाक आली आणि टॉर्च मधूनच विझून पुन्हा पेटायला लागली, तर बल्बचं आयुष्य संपलंय. तेव्हा खुशाल बदला. पण जुन्या बल्बच्या बुडाचा नंबर बघूनच घ्या. डी२एस साधारण ८५ व्होल्टवर चालतो, डी४एस ४२ वर. दिसायला भाऊ-भाऊ, पण एकाच्या बॅलास्टवर दुसरा चालवायचा नाही. रंग विचारला तर मी ४३०० केल्विनच सांगतो. ६००० वाला मुळातच निळसर असतो, आणि तो टाकून "झोत निळा पडतोय" म्हणत माणसं परत येतात.

जुना बल्ब उकिरड्यावर फेकू नका. डी२एसमध्ये पारा असतो, आणि तोच उकिरडा पुढं शेतात जातो. कागदात गुंडाळून डब्यात ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.