कौलांखालचे वासे सुकले की मगच रॉकवूल

गोव्यात नव्या घराचे छप्पर बहुधा मे महिन्यात चढते आणि चवथीपूर्वी सीलिंग लावून मोकळे व्हायची घाई सुरू होते. या घाईत ओले वासे रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी तंतूंची गादी) आणि सीलिंगच्या आड बंद होतात. मग बुरशी धरते, खिळे गंजतात, वासे पिळतात आणि सीलिंगचे सांधे उलतात.

जून ते सप्टेंबरमध्ये लाकूड सुकेल ही आशा सोडा. हवेतली आर्द्रता 90 टक्के असली की लाकूड 20 टक्क्यांच्या आसपास ओलावा धरून बसते. 80 टक्क्यांना तो 16 जवळ येतो, 65 टक्क्यांना 12 जवळ. म्हणून खरी सुकवण ऑक्टोबरनंतरची. 20 च्या वर लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला वाव मिळतो, त्यामुळे झाकण्याआधी गाभ्यातला ओलावा 15 टक्क्यांवर आलाच पाहिजे.

मोजताना फसगत होते ती इथे: मॉइश्चर मीटरच्या आखूड पिना फक्त वरचा थर पाहतात. 75 मिमी जाड किंदळाचा वासा वरून 14 दाखवेल आणि आत 22 असेल. हातोड्याने ठोकायच्या, बाजूंनी इन्सुलेशन असलेल्या लांब पिना निम्म्या जाडीपर्यंत घाला आणि मीटरवर लाकडाची जात निवडा.

असा मीटर नसेल तर वजन करून बघा. त्याच खेपेच्या, छपरातच ठेवलेल्या जादा वाशाचे टोक 30 सेंमी सोडून 25 मिमीची चकती कापा आणि लगेच वजन करा. मग 103 अंशांवर ओव्हनमध्ये, वजन घटायचे थांबेपर्यंत ठेवा. 240 ग्रॅमची 200 झाली, तर घट 40, ओलावा 20 टक्के. भागायचे ते सुक्या वजनाने. ओल्याने भागले तर उत्तर 16.7 येते आणि ओले लाकूड सुके वाटते.

सगळ्यात उशिरा सुकतात ती चिऱ्याच्या भिंतीत शिरलेली टोके. तिथे आधीच खाली डांबरी फेल्ट आणि दोन्ही बाजूंना 10-15 मिमी पोकळी ठेवा; मोजणीही तिथून सुरू करा. गिलावा आणि त्याला मारायचे पाणी पूर्ण संपल्यावरच सुकवणीचे दिवस मोजा. ताज्या भिंतींतून सुटणारी वाफ थेट छपरात चढते.

कोरड्या दिवशी दुपारी समोरासमोरच्या खिडक्या उघडून पंखा वाशांच्या दिशेने लावा, संध्याकाळी दमट हवा आली की बंद करा. डीह्युमिडिफायर लावला तर खिडक्या कायम बंद ठेवा, नाहीतर तो बाहेरची हवा सुकवत बसेल. हॅलोजन मारून घाई करू नका, वासे तडकतात. तेलरंग किंवा पॉलिशही आता नको. वाळवीसाठी बोरॅक्सचे द्रावण मात्र ओल्या लाकडात चांगले मुरते, ते सुकवणीआधीच द्या.

आठवड्याच्या अंतराने दोन मोजण्या 15 किंवा त्याखाली आल्या की रॉकवूल घाला. कौले आणि रॉकवूलवरची अ‍ॅल्युमिनियम फॉइल यांच्यात किमान 25 मिमी हवा खेळती ठेवा, वळचणीला आणि आढ्याला जाळीची वाट द्या. एसीच्या खोलीत प्लास्टिकची शीट रॉकवूलखाली, सीलिंगच्या बाजूला कधीच लावू नका. इथे दमट हवा बाहेरून आत येते आणि त्या थंड शीटवर तिचे पाणी होते. वाफ अडवायची ती वर, फॉइलने. लाकडाची आतली बाजू श्वास घ्यायला मोकळी हवी, म्हणून पीव्हीसी सीलिंगपेक्षा साधा जिप्सम बरा.