अर्धवट सावलीच्या छोट्या वाफ्यात भाजीपाला कसा घ्यावा

भिंतीलगतच्या किंवा झाडाखालच्या चिंचोळ्या वाफ्यात ‘काही येतच नाही’ असा निकाल बहुधा तिथे टोमॅटो किंवा मिरची लावून पाहिल्यानंतर दिला जातो. फळ धरणाऱ्या या पिकांना रोज ६ ते ८ तास थेट ऊन लागते. पानांसाठी लावलेल्या भाज्या मात्र ३ ते ४ तासांच्या उन्हावरही समाधानकारक वाढतात. त्यामुळे अशा वाफ्यात बियाणे आणण्याआधी ऊन मोजावे लागते, आणि पुढचे बहुतेक निर्णय या एका मोजणीवर ठरतात.

मोजणीसाठी निरभ्र दिवस निवडावा. कागदावर वाफ्याचा साधा आराखडा काढून सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत दर तासाला कुठे थेट ऊन आहे, कुठे पानांतून झिरपणारे कवडसे आहेत आणि कुठे पूर्ण सावली आहे, याची नोंद करावी. ‘इथे दुपारपर्यंत ऊन असते’ हा आपला अंदाज पुष्कळदा चुकतो, कारण आपण वाफ्याकडे ठरावीक वेळीच पाहत असतो. दिवसअखेर थेट उन्हाचे तास मोजले की एकाच वाफ्यात दोन-तीन वेगळे पट्टे दिसू लागतात. सूर्याचा मार्ग ऋतूनुसार सरकतो आणि पानझडी झाडांची सावली वर्षभर सारखी राहत नाही. म्हणून ही मोजणी प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला पुन्हा करणे आवश्यक असते. तासांबरोबर वेळही लिहावी. सकाळचे ऊन सौम्य असते आणि पानांवरील दव लवकर सुकवते, तर कडक हवामानात दुपारची सावली पालेभाज्यांना उपकारकच ठरते, कारण उष्णतेने कोथिंबीर, पालक व लेट्यूस यांना लवकर फुलोरा येतो आणि लेट्यूसची पाने कडू होतात.

आहे तेवढा प्रकाश वाढवता येतो का, हेही याच वेळी पाहावे. झाडाच्या खालच्या काही फांद्या विरळ केल्यास कवडसे वाढतात आणि मागची भिंत पांढरी रंगवल्यास परावर्तित प्रकाशाची थोडी भर पडते. तरीही थेट ऊन ३ तासांपेक्षा कमीच राहत असेल, तर तिथे भाजीचा हट्ट धरू नये.

आता जमिनीकडे वळावे. भिंतीलगतच्या वाफ्याची रुंदी ६० ते ७५ सेंटिमीटर ठेवावी, म्हणजे आत पाय न देता एका बाजूने हात पोचतो. दोन्ही बाजू मोकळ्या असतील तर १.२ मीटरपर्यंत जाता येते. सावलीतील माती सावकाश सुकते, त्यामुळे पाणी साचणार नाही असा थोडा उंच गादीवाफा सोयीचा पडतो. वरची १५ ते २० सेंटिमीटर माती भुसभुशीत करून तिच्यात ५ सेंटिमीटर जाडीचा चांगल्या कुजलेल्या कंपोस्टचा थर मिसळावा. सावलीतील वाढीची कसर खताने भरून काढण्याचा मोह होतो, तो टाळावा. नत्र (नायट्रोजन) जास्त झाले की रोपे लुसलुशीत होऊन किडीला बळी पडतात आणि कमी प्रकाशात पालेभाज्यांच्या पानांत नायट्रेटही साठत राहते. वाफा मोठ्या झाडाखाली असेल, तर सावलीपेक्षा त्याची मुळे अधिक त्रास देतात, कारण ती पाणी व अन्नद्रव्ये ओढून घेतात आणि खतावलेल्या गादीवाफ्यातही खालून शिरतात. अशा जागी मातीशी झगडण्यापेक्षा मोठ्या कुंड्या वाफ्यावर ठेवलेल्या बऱ्या.

पिकांची निवड पट्ट्यांनुसार करावी. ३ ते ४ तास ऊन मिळणाऱ्या भागात पालक, मेथी, कोथिंबीर, लेट्यूस आणि कांद्याची पात घ्यावी. त्याहून ओलसर कोपऱ्यात अळू तग धरतो. पुदिनाही तिथे रुजतो, परंतु त्याचे धावते फुटवे सगळा वाफा व्यापतात, म्हणून तो कुंडीतच लावलेला बरा. आले व हळद कवडशांच्या उजेडात चांगली येतात, मात्र ती कित्येक महिने जागा अडवतात, याचा छोट्या वाफ्यात विचार करावा. ४ ते ५ तासांच्या पट्ट्यात मुळा, बीट, गाजर यांसारखी कंदमुळे होतात. ती सावकाश भरतात, आणि ऊन कमी पडले तर नुसता पालाच माजतो. मुळ्याच्या आणि बीटच्या बाबतीत हे नुकसान अर्धेच म्हणावे लागेल, कारण त्यांचा पालाही भाजीला चालतो. ६ तास ऊन असलेला एखादा तुकडा सापडलाच, तर एक-दोन मिरच्यांची रोपे तिथे लावावीत. उंच रोपे सूर्य ज्या बाजूने येतो तिच्या विरुद्ध कडेला असावीत, म्हणजे ती बुटक्या भाज्यांचे ऊन अडवत नाहीत.

मुळा, गाजर आणि कोथिंबीर यांचे बी थेट वाफ्यातच पेरावे. धणे हलके रगडून दोन भाग केले की ते विखरून पेरता येतात. लेट्यूससारख्या भाज्यांची रोपे मात्र एखाद्या उजळ जागी ट्रेमध्ये तयार करून, चार-पाच खरी पाने (अंकुरासोबतच्या पहिल्या बीजपत्रांनंतर येणारी) आल्यावर वाफ्यात हलवावीत. कोवळे रोप सावलीत उंच व लेचेपेचे होते आणि त्यातून पुढे सावरणे त्याला कठीण जाते. दोन रोपांतील अंतर पाकिटावर दिल्यापेक्षा थोडे अधिक ठेवावे आणि विरळणी वेळेवर करावी. दाटीमुळे रोपे एकमेकांच्याही सावलीत जातात.

पाण्याला ठरावीक वेळापत्रक लावू नये. बोट मातीत ३ ते ४ सेंटिमीटर खोल घालून पाहावे आणि ओल जाणवली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. छज्जाखाली किंवा दाट झाडाखाली पाऊसही पुरेसा पोचत नाही, त्यामुळे सावली असूनही माती कोरडी असू शकते. पाणी सकाळी आणि मुळाशी द्यावे. रात्रभर ओली राहिलेली पाने बुरशीला आमंत्रण देतात. दमट सावली गोगलगायींनाही मानवते. त्या संध्याकाळनंतर बाहेर पडतात, तेव्हा टॉर्च घेऊन वेचून काढणे हा कंटाळवाणा, पण खात्रीचा उपाय आहे. मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन जाड घातल्यास त्यांना दिवसा लपायला जागा मिळते, म्हणून ते पातळ ठेवावे आणि रोपांच्या बुंध्यापासून दूर सारावे.

काढणीसाठी पाकिटावर दिलेल्या दिवसांत एक-दोन आठवड्यांची भर धरून चालावे. पालक आणि लेट्यूस मुळासकट न उपटता बाहेरची पाने खुडावीत व मधला गाभा राखावा, म्हणजे त्याच रोपापासून अनेकदा तोडणी मिळते. एखादी ओळ संपली की तिथे मूठभर कंपोस्ट मिसळून लगेच पुढची पेरणी करावी. सगळे बी एकदम न टाकता दर दोन आठवड्यांनी थोडे थोडे पेरल्यास सावकाश वाढणाऱ्या या वाफ्यातूनही भाजी सलग मिळत राहते.